पेटीच्या कानात नाव सांगणारे अनंतराव

अनंतरावांची आणि माझी पहिली भेट कुलपापाशी झाली. धसईच्या शाळेत मी झाडलोट करायचे, आणि संगणकांच्या खोलीची किल्ली माझ्या कनवटीला असायची. मुरबाड-शहापूरकडच्या संस्थेच्या सगळ्या शाळांतली यंत्रं अनंतराव सांभाळायचे. मुरबाडहून एसटीने घामाघूम होऊन आले नि म्हणाले, "मावशी, किल्ली."

"आताच फरशी पुसलीय, साहेब."

एवढे मोठे साहेब, पण चपला काढून आत गेले. माणूस मला तिथंच कळला.

खोलीतल्या संगणकांना मुरबाडच्या कचेरीशी जोडणारी एक पेटी होती. लाइट गेली की ती सगळं विसरायची, आणि धसईत लाइट जायला निमित्त लागत नाही. मग अनंतरावांनी यायचं नि तिला पुन्हा सारं शिकवायचं. टोकावड्याच्या शाळेतही तेच. एकदा मी विचारलं, "पेटी तुमची, का तुमी पेटीचे?"

त्यांनी ते मनावर घेतलं असावं. मुरबाडच्या मोठ्या यंत्रात त्यांनी सगळ्या पेट्यांची यादी घातली. तेव्हापासून लाइट आली की पेटी आपणहून मुरबाडला विचारते, मी कोण, माझं काम काय. आणि उत्तर आलं की कामाला लागते. मला समजावं म्हणून ते म्हणाले, "बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते ना, मावशी? मुरबाडचं यंत्र ही आत्या."

"म्हंजे रोज बारसं," मी म्हटलं, "आणि घुगऱ्या एकदाबी नाय."

पुढे संस्थेचे तपासनीस आले. त्यांचं म्हणणं, या खोलीला शिकलेला माणूस हवा. माझी भाकरी त्या किल्लीवर होती. त्यातच वीज पडून पेटी जळलेली, नवी तशीच खोक्यात. तपासनिसांनी अनंतरावांना फोन लावला. ते मुरबाडहून म्हणाले, "मावशी लावतील. त्यांना द्या."

मी वायरी जुन्या जागी खोचल्या. आता पेटीच्या पाठीवरचा नंबर मुरबाडच्या यादीत घालायला हवा होता. मला वाचता येत नाही, हे अनंतरावांना ठाऊक होतं; ते फोनवर म्हणाले,

"मावशी, शेवटची चार चित्रं सांगा."

"घागरीवर घागर. मग विळा."

"विळ्याचं तोंड कुठं?"

"डाव्या अंगाला. मग अंडं. शेवटी शिडी, एकच पायरी असलेली."

"घातला नंबर. आता बटण दाबा."

तपासनीस खुर्ची ओढून बसले. पेटीचा दिवा लाल, लाल, आणि मग हिरवा झाला. किल्ली माझ्याकडेच राहिली. अनंतरावांनी मला शहाणी करून सोडलं नाही. आहे तशीच पुरेशी आहे, असं धरून चालले. हे फार थोड्यांना जमतं.

आज त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. राहिलेल्या घुगऱ्या मी डब्यात भरून पाठवते आहे. त्यांचे गुडघे, डोळे, भूक सारं शाबूत राहो आणि उदंड आयुष्य लाभो. म्हातारपणी माणसाचीही लाइट जाते-येते. कधी आपलं नाव विसरलेच, तर त्यांनी मला विचारावं. लिहून देता येणार नाही, कानात सांगेन.