गांधीलमाश्यांच्या जत्रेत विश्वजित

विश्वजित बेडेकर नागोयाला आला, तेव्हा स्वतःचा पत्ता लिहायच्या आधी मासा, डुक्कर आणि चरबी ही जपानी अक्षरं वाचायला शिकला. कोन्बिनीत, म्हणजे तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानात उभा राहून बिस्किटाच्या पुड्यामागचा बारीक मजकूर तो परीक्षेला बसल्यासारखा वाचायचा. सूपमध्ये मासा उकळलाय का, हे त्याने इतक्या हॉटेलांत विचारलं होतं की आम्हा मराठी मंडळींत त्याचं नाव 'अन्ननिरीक्षक' पडलं. यावरून मीही त्याला भरपूर छळलं आहे. पण गडी एकदाही घसरला नाही. ऑफिसच्या पार्ट्यांत उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा चघळत बसला आणि मोटारींचे भाग बनवणाऱ्या आमच्या कारखान्याची सगळी सिस्टिम त्याने जवळजवळ एकट्याने उभी केली. दर डिसेंबरला त्याचं कॉन्ट्रॅक्ट वर्षभराने वाढायचं.

मी जयमाला, त्याच कारखान्यात दुभाषी. पुण्याचे इंजिनिअर आणि जपानी साहेब यांच्या मधोमध बसून दोघांचीही बोलणी खायची, हे माझं काम.

दोन हजार आठ साली अमेरिकेतल्या बँका बुडाल्या आणि दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे ओव्हरटाइम बंद झाला. कॅन्टीनमधली ब्राझीलच्या कामगारांची टेबलं एकेक करून रिकामी पडू लागली. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं, आणि मला भीती वाटायची ती त्याचीच. विश्वजितची मुलगी ईश्वरी जपानी शाळेत तिसरीत होती. मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र जपानी. आत्ता परत जावं लागलं तर ही पोर कुठल्या शाळेत बसणार, असं त्याची बायको चारुता फराळाला आली तेव्हा मला म्हणाली.

अशात आमचे विभागप्रमुख ओकुमुरा-सान यांनी विश्वजितला मुलीसकट आपल्या गावच्या खाद्यजत्रेला बोलावलं. त्यांचं गाव गिफूच्या डोंगरात. तिथे हेबो नावाची काळी, जमिनीत पोळं करणारी गांधीलमाशी पाळतात आणि शरदात पोळी काढून त्यातल्या अळ्या खातात. मी नाक मुरडलं, पण विश्वजित हरखून गेला होता.

"ताई, जपानी माणूस स्वतःच्या आईच्या घरी जेवायला नेतोय. आता डिसेंबरची काळजी नको," तो म्हणाला.

आपल्याकडे ज्याला काढायचं त्याला कुणी घरी नेऊन जेवू घालत नाही, हा त्याचा हिशोब. मला मात्र ओकुमुरांचा वेगळा फोन आला होता, तुम्हीही याच म्हणून. विश्वजितचं जपानी कामाला पुरून उरेल इतकं होतं. मग जत्रेत दुभाषी कशाला? माझ्या मनात पाल चुकचुकली. मी दोनदा आडून विचारलं, पण त्या माणसाने ताकास तूर लागू दिली नाही.

गावात पोचल्यावर ओकुमुरांचं देणं थांबेना. नवा तांदूळ झाला, टोपलीभर तांबडी पर्सिमन फळं झाली, आईने घातलेलं लोणचं झालं. ईश्वरीबरोबर विश्वजितचे फोटोही काढले, मंदिरापाशी, पुलावर, घराच्या दारात. एवढे फोटो लोक निरोपाच्या वेळी काढतात, हे मला दिसत होतं. विश्वजित प्रत्येक फोटोत हसत होता.

शाळेच्या मैदानावर जत्रा भरली होती. पांढरी जाळी तोंडावर घेतलेली माणसं लाकडी पेट्या उघडून आत धूर सोडत, मग थरांवर थर असलेलं पोळं उचलून काट्यावर ठेवत. ज्याचं पोळं जड तो पहिला. धुराने गुंगलेल्या माश्या आमच्या बुटांपाशी रांगत होत्या आणि बायका चिमट्याने एकेक पांढरी अळी भांड्यात काढत होत्या. ओकुमुरा स्वतःच्या पेटीपाशी उभे राहिले. उन्हाळाभर रोज ऑफिसला निघायच्या आधी यांना कोंबडीचं काळीज आणि साखरेचं पाणी घातलं, ते म्हणाले, नीट जीव लावून सांभाळल्या. पण थंडी पडली की त्या तशाही मरतात.

ते माश्यांबद्दलच बोलत होते. मला मात्र कॅन्टीनमधली रिकामी टेबलं आठवली.

जेवणात कुटलेल्या भाताच्या वड्या होत्या, काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेल्या. वरून अक्रोड, सोयाबीनचा खारट मिसो आणि वाटलेल्या अळ्यांचा लेप. ओकुमुरांच्या आईने विश्वजितसाठी एक काडी वेगळी ठेवली होती, नुसत्या अक्रोडाची. बेडेकर-सान मांसमच्छी खात नाहीत हे मुलाने बजावून सांगितलं होतं, असं म्हातारीने कौतुकाने सांगितलं. आठ वर्षं ऑफिसात सोबत काढलेल्या माणसाने हे लक्षात ठेवलं होतं.

विश्वजितने ती काडी बघितली, मान लववली आणि अळ्यांची काडी उचलली. मला काही बोलायलाही अवसर मिळाला नाही.

"आज मी तुमच्यातलाच आहे," तो जपानीत म्हणाला आणि चावा घेतला.

माणसं टाळ्या वाजवू लागली. मी ओकुमुरांकडे पाहत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्या क्षणी मला सगळं कळलं. विश्वजित चावत होता. घास घोळवत, डोळे भरून येईतो, शेवटच्या कणापर्यंत त्याने ते संपवलं.

ओकुमुरा आम्हाला मैदानाच्या कडेला घेऊन गेले. ऑफिसात चारचौघांत हे सांगणं मला जमलं नसतं, ते मला म्हणाले, आणि बेडेकर-साननी ते आपल्या भाषेत ऐकावं, अर्धवट समजू नये, म्हणून तुम्हाला आणलं. मग त्यांनी हलक्या आवाजात मला काय ते सांगितलं, कंबरेत वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"विश्वजित, डिसेंबरनंतर तुझं कॉन्ट्रॅक्ट नाही," मी सांगितलं. गुळमुळीत बोलून उपयोग नव्हता.

त्याने हातातली रिकामी काडी माझ्यापुढे धरली.

"ताई, त्यांना विचारा, मी हे खाल्लं नसतं तरी हेच झालं असतं का?"

इतक्या वर्षांत मी कुणाचं वाक्य मध्ये अडवलं नव्हतं. हे अडवलं. माझ्या तोंडून ते निघेना. पण शेजारी ईश्वरी उभी होती. तिने बाबांचा प्रश्न स्वच्छ जपानीत, शाळेत शिकवलेल्या आदराने, जसाच्या तसा ओकुमुरांना विचारला.

ओकुमुरा गुडघ्यांवर बसले आणि तिलाच उत्तर दिलं. ते ऑक्टोबरमध्येच ठरलं होतं, म्हणाले.

हे कळायला विश्वजितला कुणाचीच गरज पडली नाही. तो मैदानातल्या नळापाशी गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि चुळा भरत राहिला. त्याचं झालं की आम्ही निघू, म्हणून मी ईश्वरीचा हात धरून थांबले, पण तो नळ सोडेचना.