डेपोची भिंत आणि खिडकीतलं नाक

डेपोत त्याला सगळे वेलांटी म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकावर होतं, पण तिथेही ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. बसच्या पाठीवर, पाण्याच्या टाकीवर, शौचालयाच्या दारावर, जिथे म्हणून अक्षर लागेल तिथे ते काढायचं काम या पेंटरचं. त्याच्या हातची वेलांटी इतकी झोकदार निघायची की आपलं अक्षर सोडून ती शेजारच्या शब्दाच्या डोक्यावर छत्री धरायची. आता ती पहिली हवी की दुसरी, हा प्रश्न निराळा. त्या बाबतीत आनंदीआनंद होता. 'तिकीट' हा एक शब्द त्याने वेगवेगळ्या बसवर वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिला होता, आणि सगळ्या तऱ्हा दिसायला सुंदर होत्या.

नोकरीला लागला तेव्हा जुने साहेब होते. पोट पुढे आणि आवाज पोटाच्याही पुढे. फाटकाजवळच्या लांबलचक भिंतीवर मोठी बस काढ म्हणाले. याने काढली. साहेब आले, मान तिरकी करून बघत राहिले.

"धूर कुठाय?"

"आहे ना साहेब, मागे थोडासा."

"थोडासा? गाडी आजारी आहे का? दम दिसला पाहिजे, दम. शहर पुढे चाललंय हे कळलं पाहिजे लोकांना."

त्या काळी धूर म्हणजे ऐट होती हो. सकाळी गाडी सुरू केली आणि मागून काळा लोट निघाला की ड्रायव्हर मिशीवर हात फिरवायचे. वेलांटीने काळ्या रंगाचा डबाच उपडा केला. धूर बसपेक्षा मोठा झाला, भिंत संपली तरी थांबेना, तसाच शेजारच्या टाकीवर चढला. साहेब खूश झाले.

राहिल्या खिडक्या. रिकाम्या खिडक्या भकास दिसतात म्हणून याने चार डोकी काढली, आणि तिसऱ्या खिडकीत काढली एक बाई. कोण, तर त्याच सकाळी याला झाडणारी नवी कंडक्टर. याने बसच्या पायरीवर रंगाचा डबा ठेवला होता आणि तिचा पाय नेमका त्यात गेला. निळा पाय घेऊन तिने अख्खी फेरी मारली आणि परत आल्यावर याला असा काही फैलावर घेतला की गडी तिथल्या तिथे प्रेमात पडला. बोलायची छाती होत नव्हती. मग भिंतीवर काढली.

डेपोत असल्या गोष्टी लपतात होय? दुपारपर्यंत बाईंच्या कानावर गेलंच. खांद्याला पिशवी, कमरेवर हात, बाई भिंतीसमोर येऊन उभ्या राहिल्या. मेकॅनिक मंडळी हातातली कामं टाकून मजा बघायला गोळा झाली.

"नाक चुकलंय," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

दुसरा कुणी असता तर खट्टू झाला असता. वेलांटीला आभाळ ठेंगणं झालं. नाक चुकलंय, याचा अर्थ बाकी सगळं बरोबर आहे! दुसऱ्या दिवशी त्याने नाक बदललं. बाई म्हणाल्या, अजून नाही. मग नीट बघितल्याशिवाय कसं जमणार, असं तो चाचरत म्हणाला, आणि जेवणाच्या सुट्टीत बाई डबा घेऊन भिंतीपाशी स्टुलावर बसायला लागल्या. ते नाक काही पुरं झालं नाही. मध्येच दोघांचं लग्न झालं.

पुढे जुने साहेब निवृत्त झाले आणि डेपोची हवाच बदलली. नवे साहेब शेलाटे, सदा तोंडाला रुमाल. धूर हा माणसाचा वैरी आहे, असं वरून परिपत्रक आलं होतं. भिंत बघूनच साहेबांना ठसका लागला.

"हे काय आहे?"

"दम आहे साहेब."

"पुसून टाका."

पुसून टाका म्हणायला काय जातं! पांढऱ्याचे हातावर हात मारले तरी काळा खालून डोकं वर काढायचाच. शेवटी वेलांटीने धुराचा ढग केला. काही वर्षांनी गॅसच्या बस आल्या, तेव्हा साहेब म्हणाले ढग नको, निसर्ग हवा, काहीतरी हिरवं काढा. मग ढगाचं झाड झालं. बसच्या बुडातून निघून आडवं वाढत टाकीवर चढणारं झाड तुम्ही कुठे बघितलं नसेल, इथे होतं. एवढ्या उलथापालथीत खिडकीतली बाई मात्र जिथल्या तिथे. दर खेपेला तिच्या नाकाला एक हात मिळायचा, एवढंच.

"सरकारचं मत इतक्यांदा बदललं," बायको घरी त्याला चिडवायची, "आणि तुम्हाला अहो एक नाक सुधरेना."

"अगं, सरकार माझ्यासमोर स्टुलावर बसतं का?" तो म्हणायचा, आणि मग दोघंही हसत सुटायची.

असं करता करता बाईंची निवृत्ती आली, आणि त्याच सुमाराला आल्या विजेच्या बस. आता साहेबांच्या जागी मॅडम होत्या. तरुण, चटपटीत, बोलायलाही चांगल्या. वेलांटीच्या अंगात उत्साह संचारला. कुणी सांगायच्या आधीच त्याने झाड छाटलं आणि विजेची बस रंगवली. मागे लांब वायर, आणि वायरच्या टोकाला इस्त्रीला असतो तसला तीन पिनांचा प्लग.

"काका," मॅडम म्हणाल्या, "ही वायर ओढत शहरभर फिरणार का बस?"

"लागली कुठे तर जवळ असलेली बरी."

मॅडमना हसू आवरेना. पण हसून झाल्यावर त्यांनी सांगितलं की भिंतीवर आता फ्लेक्स लागणार आहे, छापील, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पर्यावरण वाचवायचं आणि तेही प्लास्टिकवर छापून, पण ते सोडा. वेलांटीने तिसऱ्या खिडकीकडे बघितलं. फ्लेक्सखाली ती जाणार. त्याने जन्मभर जपलेली बाई जाणार, आणि बरोबर त्याच दिवसांत बायकोची पिशवीही खांद्यावरून उतरणार. विजेच्या पहिल्या बसवर तिची शेवटची फेरी लागली होती. फाटकातून परत आत येताना तिला भिंतीवर ती स्वतः दिसली पाहिजे, एवढं एकच त्याला हवं होतं. त्याने हात जोडले.

मॅडम विरघळल्या, पण निम्म्याच. "ठीक आहे, तुम्हीच रंगवा. पण घोषवाक्य मी देते तेच लिहायचं. उद्घाटनाला मोठे पाहुणे आहेत. शुद्धलेखनाची एक चूक दिसली, की लगेच फ्लेक्स. मान्य?"

"मान्य."

घोषवाक्य होतं: 'धूरमुक्त शहर, आमचा निर्धार'. अख्ख्या डेपोच्या काळजाचा ठोका चुकला, कारण 'निर्धार'मध्ये वेलांटी होती.

"पहिली," बायकोने घरी सांगितलं.

"नक्की ना?"

"पहिलीच. चहा घ्या, गार होतोय."

पहिली, पहिली, असं पुटपुटतच तो शिडीवर चढला. खाली मेकॅनिक मंडळी श्वास रोखून उभी. आणि काय सांगू, अशी गुणी वेलांटी त्याने उभ्या आयुष्यात काढली नव्हती. आपल्या अक्षरावर सरळ बसली, शेजाऱ्याकडे ढुंकून बघेना. लोकांनी टाळ्या पिटल्या. मॅडम घाईघाईत आल्या, त्यांनीही वेलांटीच तपासली, छान म्हणाल्या आणि भिंतीवर पडदा टाकायला सांगितलं.

उद्घाटनाला ही गर्दी. बायको विजेच्या पहिल्या बसवर फेरीला आधीच निघून गेली होती. पाहुण्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला, आणि पाहुण्यांनी माइकवरून मोठ्याने वाचलं, "धूर... युक्त शहर, आमचा निर्धार."

एकाने सवयीने टाळ्या वाजवल्या. वेलांटीच्या नादात 'म'च्या जागी 'य' पडला होता, आणि तो कुणाच्या बापाला दिसला नव्हता.

त्याच घडीला काय योग जुळावा! अंगणातली जुनी डिझेल बस कालच हलवायची राहिली होती. पाहुणे यायच्या आत ती न्यायची, हे ड्रायव्हरला आत्ता आठवलं. त्याने ती सुरू केली. मागून काळाकुट्ट लोट आला आणि मंडप, हार, पाहुणे सगळं गडप झालं. विरला तेव्हा पाहुणे नाक पुसत उभे होते.

"निर्धार पार पडला म्हणायचा," ते म्हणाले.

मग जो काही हशा पिकला तो पिकला. मेकॅनिक एकमेकांच्या गळ्यात पडले, मॅडमनी फाईल तोंडावर धरली तरी खांदे गदगदत होते. एकटा वेलांटी हसत नव्हता. तो भिंतीकडे बघत उभा होता आणि त्याला रडू येत होतं.

"काका, शब्द ठरला होता," हसू ओसरल्यावर मॅडम हळूच म्हणाल्या.

"हो मॅडम. चूक माझीच."

तेवढ्यात बायको शेवटची फेरी संपवून परत आली. बस आवाज न करता आत शिरल्यामुळे ती आल्याचं कुणाला कळलंच नाही. मॅडमनी तिच्या हातात फुलं दिली आणि विचारलं, "बाई, इतकी वर्षं काढलीत. तुम्हाला डेपोकडून काय देऊ?"

"काही नको. माझी खिडकी तेवढी झाकू नका."

"कुठली खिडकी?"

बायको भिंतीपाशी गेली आणि तिसऱ्या खिडकीखाली तोंड वळवून उभी राहिली. वरची बाई काळ्या केसांची, खालची पांढऱ्या. मॅडमनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि मग वेलांटीकडे बघितलं.

फ्लेक्स लागला. शब्द म्हणजे शब्द. चकचकीत बस, निळं आभाळ, 'धूरमुक्त' अगदी शुद्ध. फक्त एका जागी तो चौकोनी कापलेला आहे आणि त्यातून जुन्या भिंतीवरची बाई बाहेर बघते. छापलेली बस नेमकी उलट्या दिशेला निघालीय, त्यामुळे गाडी एकीकडे चालते आणि बाई दुसरीकडे बघते, पण त्याची तक्रार आजवर कुणी केलेली नाही.

तो लागला त्या संध्याकाळी दोघं बघायला आली. बायकोच्या खांद्याला पहिल्यांदाच पिशवी नव्हती, त्यामुळे तिला हात कुठे ठेवावा कळत नव्हतं. वेलांटीने तो आपल्या हातात घेतला.

"कसं दिसतंय?"

तिने मान तिरकी केली. निवांत बघितलं. आता तिला कुठलीच फेरी गाठायची नव्हती.

"नाक चुकलंय," ती म्हणाली.

"थांब हं," तो म्हणाला, आणि स्टूल आणायला धावत सुटला.