उत्तमरावांच्या तीन आंघोळी

मंजुळाबाई बोलायला लागली की पहिला शब्द नाकातून येतो आणि शेवटचा दातांतून. मधले सगळे शब्द शेजारणीला टोचण्यासाठी असतात. शेजारीण म्हणजे तिचीच धाकटी जाऊ, अन्नपूर्णाबाई. महाराष्ट्र झाला त्याच उन्हाळ्यात पिंपळगावात हे दोन भाऊ वेगळे निघाले. शेत मोजलं, बैल वाटले, मागच्या परसाच्या मधोमध बोराटीचं कुंपण ओढलं. न्हाणी मात्र एकच राहिली, कारण ती मधोमध कापता येईना. तिचं सांडपाणी उताराने मंजुळाबाईच्या बाजूला जायचं आणि त्या पाण्यावर तिचं परस जगायचं. विहिरीचं पाणी बायका डोक्यावरून आणतात. ते कोणी वांग्याला घातलं तर गल्ली तिला वेड्यात काढेल.

पौषात परस रिकामं असतं. तेव्हा मंजुळाबाई कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा घेऊन परसात उतरते. पुढच्या भाजीची जागा म्हणून एकेक काडी मोडून जमिनीत रोवते आणि प्रत्येक काडीला एक आंघोळ लावून देते. यात माझ्या पदरचं काही नाही. ती हे सगळं मोठ्याने बोलते आणि आमच्या-त्यांच्या घरामधली भिंत फार जाड नाही.

"हे माह्या आंघोळीचं, दोडक्याले. हे तुमच्या सकायच्या आंघोळीचं, वांग्याले. कारलं कुठी लावू? अवो, मी तुमाले इचारून राह्यली!"

ओट्यावरून तिचे यजमान उत्तमराव म्हणतात, "हूं." उत्तमरावांची नक्कल सगळ्यात सोपी. तोंड मिटायचं आणि पोटातून हूं काढायचा. लग्नाला तीस वर्षं झाली, एवढ्यावर त्यांचं निभावलं होतं.

या वर्षी सात काड्या रोवून झाल्या आणि कुंपणापलीकडून अन्नपूर्णाबाईचा गोड आवाज आला. तिचा आवाज जितका गोड, तितकं पुढचं वाक्य वाईट. "बाई, न्हाणी दोघीची, अन् पाणी एकटीचं काऊन वं?"

"उतार माह्याकडे हाय. देवानं देल्ला."

"उतार तं कुदळीनंबी देता येते."

त्यावरून दोन दिवस जे चाललं ते मी पाठ केलं आहे, पण घरात म्हणून दाखवायची बंदी आहे. शेवटी गावातले तंटे मिटवणाऱ्या तुळशीराम बुवांना बोलावलं. बुवा आधी तीनदा खाकरले, टोपी काढली, टोपी घातली.

"न्हाणी दोघायची, बरं का. पाणीबी दोघायचं, बरं का. ज्याच्या घरचं माणूस आंग धुईन, त्याच्या परसात पाणी जाईन. बरं का!"

न्हाणीबाहेर पाण्याला दोन दांड खणले, एक इकडे, एक तिकडे. तोंडाशी एक चपटा दगड. आंघोळीला जाणाऱ्याने तो दगड दुसऱ्याच्या दांडावर सरकवायचा, म्हणजे पाणी आपल्या बाजूला येतं. बुवा चहा पिऊन गेले. मग मंजुळाबाईच्या ध्यानात आलं की आपल्या घरात माणसं दोन आणि जावेच्या घरात आठ.

"आठ!" ती कुंपणाला ओरडली. "त्या पोट्ट्यायनं दिवाळीनंतर पाणी पाह्यलं का वं?"

"पाह्यतीन आता," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "रोज पाह्यतीन."

दुसऱ्या दिवशी कडाक्याच्या थंडीत सहा पोरांच्या किंकाळ्या सगळ्या गल्लीने ऐकल्या. एकेकाला कानाला धरून न्हाणीत ढकललं जात होतं आणि पलीकडची माती काळीभोर होत होती. अलीकडे सात काड्या आणि दोन आंघोळी. मंजुळाबाई कंबरेवर हात ठेवून कितीतरी वेळ त्या काड्यांकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे बघितलं. उत्तमरावांनी तेव्हाच उठून शेतात जायला हवं होतं.

"आंग धुवा," ती दुपारी म्हणाली.

"सकायीच तं धुतलं."

"ते वांग्याले झालं. आता मिरचीले धुवा."

आणि दिवस मावळताना पुन्हा. "उठा. वाल राह्यला."

"मले सर्दी झाली वं."

"मिरची आली का रस्सा करून देईन. सर्दी पयते. उठा!"

स्वतः तीही दोनदा धुवायची. पण पाणी जास्त लागायचं ते उत्तमरावांना, कारण ते अंगाने आडवे. तीन दिवसांत त्यांचं नाक लाल झालं. अन्नपूर्णाबाई मोठ्या दिरापुढे पदर ओढून असते, त्यांच्याशी एक शब्द बोलत नाही. म्हणून ती आपल्या पोराशी बोलली, चांगलं मोठ्याने.

"पाय रे बाप्पा, म्हशीलेबी लोक दिवसातून एकदाच धुतात."

"म्हैस दूध तं देते!" मंजुळाबाई इकडून. "तुह्या घरचे आठ मियून काय देतेत?"

चौथ्या दिवशी संध्याकाळी उत्तमराव तिसऱ्या आंघोळीला निघाले. खांद्यावर पंचा, हातात पाण्याचं गंगाळ. मंजुळाबाई खुरपं घेऊन वालाच्या काडीपाशी उकिडवी बसली होती. दांडाच्या तोंडाशी उत्तमराव थांबले. दगडाकडे बघितलं. मग पायाच्या अंगठ्याने तो हळूच सरकवला, बायकोच्या दांडावर. आणि आत गेले.

त्या दिवशी त्यांनी भरपूर पाणी घेतलं. गंगाळ संपल्यावर रांजणातलंही घेतलं. सगळं पाणी कुंपणाखालून खळखळत पलीकडे गेलं. मंजुळाबाई वाट बघत बसली. मग उठली, दगड बघितला. पलीकडे अन्नपूर्णाबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. पदर कमी पडत होता.

उत्तमराव कुडकुडत बाहेर आले. "माहं आंग, माहं पाणी," ते म्हणाले. हूं सोडून एवढं ठाम वाक्य त्यांच्या तोंडून गल्लीने पहिल्यांदाच ऐकलं.

मंजुळाबाई खुरपं उचलून घरात गेली. रात्री उत्तमरावांच्या ताटात भाकर आली आणि मीठ आलं.

"भाजी?"

"जिच्या वाफ्याले पाणी देल्लं, तिले मांगा."

धाकट्या भावजयीकडे मोठा दीर पाणीसुद्धा तोंडाने मागत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. उत्तमरावांनी भाकर मिठाशी खाल्ली.

सकाळी ती परसात उतरली आणि काड्या उपटायला लागली. "हे तुमचं वांगं." कट्. "ही तुमची मिरची." कट्. "हा तुमचा वाल." बिनआंघोळीच्या उरलेल्या दोनही उपटल्या. दोडकं आणि कारलं, स्वतःच्या दोन आंघोळींच्या दोन काड्या तेवढ्या ठेवल्या. उपटलेल्या पऱ्हाट्या चुलीत घातल्या आणि वर स्वतःच्या आंघोळीचं पाणी ठेवलं.

उत्तमराव पंचा घेऊन उभे होते. "माहं पाणी?"

"तुमचं पाणी कुंपणाच्या त्या अंगाले तापते."

तिने गंगाळ उचललं, टाचेने दगड जावेच्या दांडावर घट्ट दाबला आणि न्हाणीत गेली. थोड्या वेळाने पाण्याची बारीक धार निघाली, मोकळ्या परसातून वळत वळत दोडक्याच्या काडीपाशी जाऊन थांबली.

"यंदा दोडकंच खायाचं!" न्हाणीतून आवाज आला. पहिला शब्द नाकातून, शेवटचा दातांतून.

ओट्यावर उत्तमराव कोरडेच बसले होते.