सेव्हन पॉइंट वनवाली मंडळी

चार माणसं तीन वर्षं एकच गेम खेळली की गेमचे किस्से जमत नाहीत, सामानाचे जमतात. कोण कुठे मेलं, कोणी कोणाला वाचवलं हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही. पण कोणी कुठला हेडसेट आणला आणि त्याबद्दल काय काय अक्कल पाजळली, हे मात्र डोक्यात साठत जातं. माझ्याकडे इतकं साठलंय की आता थोडं बाहेर काढलेलं बरं.

आधी मंडळी सांगते. तळवलीत भोईरदादांची चार मजली बिल्डिंग आहे. वर भाडेकरू, खाली दहा पीसी मांडलेला गेमिंग झोन. शनिवार-रविवार दुपारी आमचा अड्डा तिथे. परेश आमचा कॅप्टन, ऐरोलीला एका आयटी कंपनीत नेटवर्क सांभाळतो. निनाद बेलापूरला सरकारी ऑफिसात क्लार्क. सचिन मूळचा साताऱ्याकडचा, वडील मार्केटात माथाडी, तो स्वतः तुर्भ्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. चौथी मी, केतकी, बेलापुरात एका वकीलबाईंकडे ड्राफ्टिंग करते.

आमचा गेम बंदुकांचा. भिंतीपलीकडे शत्रूची पावलं वाजतात आणि ती कुठून येतायत हे ज्याला आधी कळतं तो जगतो. म्हणजे सगळा खेळ कानांचा. माणसं बिघडतात ती इथून.

* * *

पहिला बिघडला परेश. त्याने सेव्हन पॉइंट वनचा, म्हणजे चहूबाजूंचा आवाज ऐकवणारा सराउंड हेडसेट घेतला, तोही ‘असली’. असली म्हणजे एकेका कानाच्या वाटीत खरोखरचे चार-चार छोटे स्पीकर बसवलेले. पुढचा आवाज पुढच्या स्पीकरमधून, मागचा मागच्या. सोबत एक कंट्रोल बॉक्स आणि हाताच्या अंगठ्याएवढी जाड वायर. त्या दिवशी गेम झालाच नाही. परेशने आम्हाला तासभर ध्वनिशास्त्र शिकवलं. मी मधे एकदा काही विचारलं, तर म्हणाला की हे जरा टेक्निकल आहे, तुला नंतर सोपं करून सांगतो.

हेडसेट डोक्यावर घालून उठायचा तेव्हा हेल्मेट घालून बाईक शोधणाऱ्या माणसासारखा दिसायचा. तिसऱ्या आठवड्यात गळ्यात पट्टा बांधून आला. डॉक्टरांनी मानेला आराम सांगितला होता. ऑफिसात त्याने सांगितलं की कामाच्या ताणाने मान धरली, आणि दोन दिवस सुट्टी घेतली. त्या दोन दिवसांत तो पट्ट्यावर हेडसेट चढवून दादांकडे खेळत होता.

मी म्हटलं, “परेश, मान वळत नाहीये तुझी.”

“वळवायची गरजच नाही,” तो म्हणाला. “मागचं सगळं ऐकू येतंय.”

* * *

कॅप्टनने घेतला म्हटल्यावर निनाद कसा मागे राहील? पण त्याने घेतला ‘व्हर्च्युअल’. यात स्पीकर दोनच, बाकीचं सॉफ्टवेअर करतं. आवाज असा काही मागेपुढे करून कानात सोडतं की चहूबाजूंनी आल्याचा भास व्हावा. परेश त्याला ‘नकली’ म्हणायचा. निनाद म्हणायचा की नाटकात पाऊस दाखवायला खरं पाणी लागत नाही. यावरून दोघं एकदा इतके भांडले की आठवडाभर एकमेकांशी फक्त गेमच्या माइकवरूनच बोलले.

तर निनादने सराउंड चालू केलं हेडसेटच्या सॉफ्टवेअरमध्ये. मग कमी पडायला नको म्हणून विंडोजमध्येही चालू केलं. मग गेमच्या सेटिंगमध्येही. सरकारी माणूस, तीन सह्यांशिवाय कागद पुढे सरकत नाही. परिणाम असा की त्याच्या कानात आम्ही तिघंही विहिरीच्या तळातून बोलायला लागलो. पावलं दहाही दिशांनी यायला लागली. एकदा शत्रू त्याच्या समोर, अगदी नाकासमोर उभा, आणि हा गर्रकन मागे वळला. गोळी खाऊन बसला.

आम्ही ओरडलो की समोर होता ना तो!

निनाद हेडसेट कुरवाळत म्हणाला, “असेल. पण मागून आल्यासारखा किती छान वाटला.”

* * *

मी शहाणी होते असं समजू नका. महिनाभर या दोघांना हसून झालं आणि मग मीही गुपचूप एक व्हर्च्युअल मागवला. खांदेश्वरला घरी घालून बसले. दहा मिनिटांतच माझ्या मागून, थोडं डावीकडून, कोणीतरी स्पष्ट “केतकी” म्हणालं. अंगावर काटा आला. इतकं खरं! मला वाटलं, सचिन माइकवरून बोलतोय आणि गेममध्ये माझ्या मागे उभा आहे. मी म्हटलं, थांब, येते. पुन्हा “केतकी”, आता जरा जवळून. मी खूश होऊन त्याच क्षणी वेबसाइट उघडली, पाच स्टार दिले आणि लिहिलं की मागचा आवाज अगदी माणूस मागे उभा असल्यासारखा येतो.

माणूस मागे उभाच होता. आई. चहा निवला म्हणून सांगत होती.

तो रिव्ह्यू अजून तिथे आहे. चाळीसेक लोकांनी त्याला ‘उपयुक्त’ म्हटलंय.

* * *

मग एक सेल्समन दादांकडे आला. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. झोनमधले दहाही हेडसेट बदलून असली सराउंडचे घ्या, गिऱ्हाईक दुप्पट होईल, असं त्याचं म्हणणं. भोईरदादा इथलेच, वडिलांची खाडीकाठाला शेती होती. त्यांनी त्याला बसवलं, सरबत दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं. सात स्पीकर आणि दणक्यासाठी आणखी एक, असे आठ.

“मानसाला कान किती हायेत?” दादांनी विचारलं.

“दोन, सर.”

“मंग बाकीचे सहा कुनाचे?”

सेल्समन हसला आणि त्याने डेमो लावला. डोक्याभोवती हेलिकॉप्टर फिरतं, तो नेहमीचा. दादांनी डोळे मिटून पूर्ण ऐकला. आम्हाला वाटलं, आता दादा गेले. त्यांनी हेडसेट काढून नीट खोक्यात ठेवला आणि म्हणाले की आमच्या गच्चीवरून दिवसभर विमानं जातात, ती बंद करायचं मशीन असेल तर घेऊन ये.

परेश सेल्समनला गेटपर्यंत सोडायला गेला आणि दादांच्या अडाणीपणाबद्दल त्याची माफी मागून आला.

* * *

त्याच परेशचा हा पुढचा. एका शनिवारी त्याच्या मशीनवर मला एक फाइल उघडायची होती. जाता जाता साउंडचं सेटिंग दिसलं. तिथे ‘स्टीरिओ’ लिहिलेलं. म्हणजे पीसी त्याच्या हेडसेटला डावा आणि उजवा, एवढे दोनच आवाज देत होता. बाकीचे सहा स्पीकर पहिल्या दिवसापासून झोपलेले. आणि हा माणूस आम्हाला पाच महिने सांगत होता, “रिअर लेफ्ट, स्पष्ट ऐकलं मी, रिअर लेफ्ट!”

मी त्याला बाजूला घेऊन दाखवलं. चारचौघांत नाही, हे माझे उपकारच. त्याचा चेहरा पडला. त्याने सेटिंग बदललं, आठही स्पीकर जागे झाले, आणि त्या दुपारी तो ओळीने नऊ वेळा मेला. म्हणाला, कान अजून रुळायचेत. पुढच्या आठवड्यात मी सहज डोकावले तर सेटिंग पुन्हा स्टीरिओवर होतं. मी माझ्या जागेवर जाऊन बसले. दहा मिनिटांनी हा ओरडला, “रिअर लेफ्ट!”

* * *

आता सचिनचा. वाशीला एका हॉलमध्ये झोन-झोनची स्पर्धा होती. सचिन त्यात खेळला आणि आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो, हे आधीच सांगून टाकते, कारण किस्सा तो नाही.

स्पर्धेच्या दोन आठवडे आधी परेशने फर्मान काढलं की टीममध्ये प्रत्येकाकडे सराउंड पाहिजे. असली नसेल तर निदान व्हर्च्युअल तरी. सचिन दादांच्या झोनमधलाच साधा हेडसेट वापरायचा, कानाची गादी फाटलेला. आमच्यात सगळ्यात चांगला तोच खेळायचा, पण परेश त्याला ‘नशीब’ म्हणायचा. सचिन म्हणाला, मला नको. परेश म्हणाला, मग माझ्या ऑफिसातला एक जण आहे, त्याच्याकडे असली आहे, त्याला घेऊ. निनाद जमिनीकडे बघत बसला. मीही तोंड उघडलं नाही, हे आज सांगायला लाज वाटते. सचिन तीन वर्षं दर शनिवारी सुट्टीसाठी साहेबांच्या हातापाया पडून तुर्भ्याहून यायचा. त्याचा चेहरा एवढासा झाला.

मग दादाच मधे पडले. म्हणाले, परीक्षा घ्या की.

परीक्षा साधी ठरली. मी दुसऱ्या मशीनवरून भिंतींआड चालायचं, आणि मी कुठे आहे ते यांनी सांगायचं. प्रत्येकाला पाच वेळा. परेशचे दोन बरोबर आले. निनादचेही दोन, त्यातलं एक उत्तर त्याने दोनदा बदललं होतं. सचिनचे पाचच्या पाच बरोबर.

परेश मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, ही चीटिंग आहे. हा प्रत्येक वेळी गेममध्ये जागेवर गोल फिरतो आणि मग सांगतो. फिरायचं नाही. सरळ उभं राहून सांग, डावा की उजवा.

मी पुन्हा चालायला लागले. सचिन स्क्रीनकडे बघत राहिला. पहिल्यांदा गप्प, दुसऱ्यांदा गप्प. मग त्याने तो फाटका हेडसेट काढून टेबलावर ठेवला.

“सरळ उभं राहून नाही सांगता येणार मला,” तो म्हणाला. “उजव्या कानानं ऐकूच येत नाही. चौथीत ताप आला होता, तेव्हापासून.”

त्याने खालच्या आवाजात समजावलं की तो फिरत राहतो, आणि आवाज सगळ्यात मोठा झाला की माणूस बरोबर डाव्या हाताला असतो. मग तिकडे वळायचं, बस. लोकांना सांगितलं की ते उगाच ओरडून बोलायला लागतात, म्हणून तो सांगत नाही.

भोईरदादा खुर्चीत खाली बसले. निनादने डोळे पुसल्यासारखं केलं. मला माझं मशीन बंद करावंसं वाटलं. तीन वर्षं हा आमच्या शेजारी बसत होता, आणि त्यातलं एक अख्खं वर्ष आम्ही कान या एकाच विषयावर बोललो होतो.

परेश हाताची घडी घालून मनात कसला तरी हिशेब करत होता. शेवटी सचिनच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मनापासून म्हणाला,

“मग तुझं बरोबर आहे. सेव्हन पॉइंट वन घेतला असतास तरी तुला तो थ्री पॉइंट फाइव्हच पडला असता.”