हुरडा, पायजमा आणि माझे गुडघे

आमच्या घरात थंडी फक्त मलाच वाजते. बाकीच्यांच्या मते तो हवामानाचा नसून माझ्या स्वभावाचा दोष आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या पल्लवीला भोकरदनकडचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, शेती पाण्याखालची, माणसं साधी. पल्लवीला फोटो आवडला होता (तिनं तसं सांगितलं नाही, पण फोन उशाशी घेऊन झोपत होती). मुलाची आई सुमनताई मला म्हणाल्या, "कांदेपोह्याचं काही न्हाई बघा ताई. शेतात हुरड्यालाच या. पण सकाळी सकाळीच या, मंग मजा हाय!"

मजा! डिसेंबरची सकाळ, उघडं शिवार, परतूरहून उजाडायच्या आत निघायचं आणि तेही माझ्या दिरांच्या जीपमधून, जिची मागची काच वर सरकत नाही. मी म्हटलं, "मी माझा स्वेटर घालीन." तर घरात एकच गिल्ला! तो तपकिरी स्वेटर पाहिला तर म्हणे चांगलं स्थळ हातचं जाईल. थंडी माझी, स्वेटर माझा, आणि ठरवणार हे!

शेवटी पुण्याला आमच्या सचिनला फोन लावला. तो सुट्टीच्या दिवशी डोंगर चढतो, त्यामुळे थंडीतलं त्याला कळतं अशी आमची समजूत आहे.

"आई, एकच जाड कपडा घालायचाच नसतो. पातळ पातळ थर घालायचे. आतला अंगाला घट्ट, मधला उबेसाठी, वरचा वाऱ्यासाठी. गरम झालं की एकेक काढायचा."

"अरे, पण मी साडी नेसणार ना!"

"मग साडीच्या आत घाल."

मला पटलं. (साडीच्या आतला थर चारचौघांत काढायचा कसा, हे त्यानं सांगितलं नाही. ज्यानं जन्मात साडी नेसली नाही, त्याला विचारायला गेले, हीच चूक!) आतला थर म्हणून पल्लवीची लेगिंग चढवली. मधला थर म्हणून ह्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा जाड पायजमा घेतला.

"अगं, माझा पायजमा? मंग मी काय घालू?" हे ओरडले.

"तुम्हाला कुठं थंडी वाजते?" मी म्हटलं. रोज मला ऐकवतात ना!

वाऱ्याचा थर म्हणून सचिनची जुनी ट्रॅकपँट, तिच्यावर परकर आणि त्यावर काठापदराची साडी. भोकरदनपर्यंत जीपमधले सगळे कुडकुडत होते, आणि मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा हिवाळ्यात गाणं गुणगुणत होते.

शेतात आगटी पेटली होती. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजली जात होती, भोवती सतरंज्या, मधे चटणी आणि गूळ. सुमनताई म्हणाल्या, "बसा ताई, इथं जवळ बसा."

मी मांडी घालायला गेले. मांडी पडेना! तीन थरांनी गुडघे असे आवळले होते की ते वाकायलाच तयार नव्हते. अर्ध्यात अडकले, तोल गेला आणि धप्पकन बसले. दोन्ही पाय सरळ ताठ, आणि तळवे थेट होणाऱ्या व्याह्यांच्या तोंडासमोर!

"आई, पाय!" पल्लवी दातांतल्या दातांत म्हणाली.

"गुडघ्याचा त्रास हाय का ओ ताई?" सुमनताईंनी काळजीनं विचारलं.

आता काय सांगायचं? मी म्हटलं, "हो ना. फार दिवसांचा."

झालं! व्याह्यांच्या हातातलं कणीस थांबलं. त्यांनी ह्यांना हळूच विचारलं, "घराण्यातच हाय का? न्हाई म्हणजे, पोरीला बी काही..."

पल्लवीचा चेहरा उतरला. ह्यांनी काही तरी सावरून घ्यावं की नाही? ह्यांनी हुरड्याचा बकाणा भरला आणि ठणकावून सांगितलं, "छे छे! पोरीला न्हाई अन् हिला बी कधीच नव्हतं! बिलकुल न्हाई!"

म्हणजे मी खोटारडी! पलीकडं बायकांत कुजबुज सुरू झाली. "काही तरी लपवून राह्यले वाटतं." इकडं आगटीच्या धगीनं मी आतून शिजत होते. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, तर एक बाई म्हणाली, "बघा, दुखण्यानं घाम फुटला बिचारीला." आणि तेवढ्यात मुलाची आत्या कुठून तरी तेलाची वाटी घेऊन आली.

"मी आख्ख्या गावाचे गुडघे चोळते. बराबर शीर धरते. चला कडब्याच्या गंजीमागं, साडी वर घ्या जराशी."

"नको हो आत्याबाई, आता बरं वाटतंय!"

"असं कसं? पोरीच्या आईचं दुखणं आमचंच की!" म्हणून तिनं बसल्या जागी माझ्या साडीचा काठ धरला. मी ओढला. तिनं ओढला. पल्लवीकडं पाहिलं तर तिचे डोळे भरून आले होते, आणि मग माझं डोकं फिरलं.

"माझे गुडघे ठणठणीत आहेत!" मी ओरडले. "मला थंडी वाजते, थंडी! वाजू नये का? आत लेगिंग आहे, ट्रॅकपँट आहे, आणि हा बघा, ह्यांचा पायजमा!" असं म्हणून मी साडीचा काठ वीतभर वर केला आणि ट्रॅकपँटचा पायही वर ओढला. पट्टे सगळ्या शिवारानं पाहिले.

ह्यांनी मान खाली घातली. (लाज वाटली म्हणून नव्हे, पायजम्याला गोवरीची राख लागली होती ती पाहायला!)

आत्याबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली आणि त्या हसायला लागल्या, त्या डोळे पुसेपर्यंत. मग भावाला म्हणाल्या, "दादा, जल्दी सुपारी फोड. ह्या बाईला साधा पायजमा लपवता येईना, ही काय आपल्यापासून दुसरं काही लपवणार!"

सुपारी तिथंच फुटली. मुहूर्ताचं निघालं तेव्हा पल्लवीला विचारलं, "तुझी काही अट?" तर ती म्हणाली, "एकच. लग्न मे महिन्यात." आणि एरवी कशावरही एकमत न होणारं आमचं घर एका आवाजात "हो" म्हणालं!

लग्न मे महिन्यात झालं. सगळा मांडव घामानं निथळत होता. वरमाय आणि वधूमाय म्हणून आम्हा दोघींना मानानं मोठ्या कूलरसमोर बसवलं. आता मान होता, म्हणून मी काही बोलले नाही. पण शालूच्या आत काय आहे ते मी माझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही.