डोळे सगळ्यात शेवटी

कुंभाराच्या अंगणातली खापरं कधी संपत नाहीत. कितीही झाडा, पाऊस झाला की दोन-चार पुन्हा वर येतात. आमच्या घरातले किस्सेही तसेच साठलेत. लोक ऐकून हसतात. मला मात्र सांगताना आजही राग येतो, आणि तो यायलाच पाहिजे!

निजामाच्या राज्यात, अणदूरजवळच्या आमच्या गावात माझे सासरे अप्पा मातीची वीतभर चित्रं, म्हणजे मूर्ती, करायचे. घोडेस्वाराचा साचा एकच, अप्पांच्या आज्यानं केलेला. त्यातून घोड्यावरचा खंडोबा निघायचा, मागं म्हाळसा बसलेली. जत्रेत तेच विकून आमचं वर्ष निघायचं. रंगकाम माझ्याकडे होतं.

घरात एक रीत होती. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे. डोळे काढले की चित्र जागं झालं, मग त्याला सुरी लावायची नाही, फोडायचं तर नाहीच. डोळे अप्पांनीच काढायचे, तेही दार लावून. पण अप्पांचा हात कापायला लागला होता. मग दाराआड मी काढायचे, आणि अप्पा बाहेर येऊन सांगायचे, "आत्ताच डोळे उघडले बघा!" गिऱ्हाईक अप्पांच्या पाया पडायचं. मी आत कुंचला धूत बसायचे.

* * *

एकदा शाळेतल्या मास्तरांनी हळू आवाजात ऑर्डर दिली. "अप्पा, शिवाजी महाराज पायजेत."

नवा साचा करणं अप्पांच्या हातून होणार नव्हतं. त्यांनी साच्यातून ओला खंडोबा काढला, सुरीनं म्हाळसा कापली, पगडी दाबून जिरेटोप केला आणि दाढी चिकटवली. झाले महाराज! फक्त घोड्याच्या पाठीवर म्हाळसेची जागा मोकळी राहिली.

मास्तरांनी चित्र चारी बाजूंनी फिरवून बघितलं. "अप्पा, महाराजांच्या मागं ही जागा कुणाची?"

अप्पा भडकले. "ज्याच्यात बसायची हिंमत हाय त्याची! तुमी बसता का?"

मास्तर खाली मान घालून गेले. आठ दिवसांनी येऊन त्यांनी आणखी सहा चित्रं सांगितली.

* * *

मग महाराज सगळ्यांनाच हवे झाले, पण प्रत्येकाला आपापले! तामलवाडीचे दोघं चुलतभाऊ तालमीसाठी चित्र न्यायला आले. एक म्हणाला घोडा पांढरा. दुसरा म्हणाला काळा. जणू दोघांनी त्या घोड्याला वैरण घातली होती! मी दोनदा रंग बदलला. तिसऱ्यांदा डोकं फिरलं, आणि एक अंग पांढरं, एक अंग काळं करून टाकलं.

अप्पा माझ्यावर ओरडले, कानडीत ओरडले; राग चढला की त्यांना कानडीच सुचायची. तेवढ्यात ते दोघं दारात हजर! अप्पांनी घसा साफ केला. "हे बघा, चित्र मधी ठेवायचं, आन् तुमी दोघांनी दोन बाजूला बसायचं. भांडणच न्हाय."

दोघं खूश झाले. जाताना म्हणाले, "अप्पांचं डोकं लई चालतं!"

डोकं अप्पांचं! ऐका.

* * *

भगवा रंग सोलापूरला मिळायचा, आणि सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. मधे सरहद्दीवर निजामाचा करोडगिरी नाका, तिथं जकात घ्यायचे आणि गाठोडी उचकायचे. भगव्याची पुडी दिसली की कारकून हजार प्रश्न विचारायचा. म्हणून मी भगव्याऐवजी शेंदूर आणला, डबाभर.

"इत्ता शेंदूर कायकू?"

"मारुतीला लावायचाय."

"कित्ता बड़ा है तुम्हारा मारुती?"

"तुमच्या नाक्यात मावायचा न्हाय!"

मागं उभी असलेली माणसं खदाखदा हसली. कारकुनानं निम्मा शेंदूर मातीत ओतला, तेव्हा मात्र त्यातल्या एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. त्या कारकुनापेक्षा मला त्यांचाच राग जास्त आला. उरलेल्या शेंदरात मी खळ जास्त घालून काम भागवलं.

* * *

निजामाच्या राज्यात महाराजांचं चित्र चालायचं नाही. शेवटी अमीन आला. अमीन म्हणजे आताचा फौजदार. बरोबर शिपाई बाबूमियाँ, आमच्याच गावचा. पोळ्याला पोरांसाठी दरवर्षी आमचेच मातीचे बैल न्यायचा, आणि डोळे काढल्याशिवाय बैलाला हात लावायचा नाही.

अमिनानं फळीवरच्या महाराजांकडे काठी दाखवली. "ये कौन?"

"खंडोबा," अप्पा म्हणाले.

"दाढ़ी क्यों है?"

"सुतक हाय, साहेब. मणी-मल्ल दैत्य मारले न्हवं, त्यांचं."

अमिनानं बाबूमियाँकडे बघितलं. बाबूमियाँ सरळ उभा. "जी साब. सुतक में इनो दाढ़ी नै करते."

"और इसकी बीवी कहाँ है?"

अप्पा फळीवरची धूळ झटकायला लागले. अमीन दमात घेऊन म्हणाला, बायको नसलेला एक जरी स्वार पुन्हा दिसला, तर साचाच फोडून टाकीन.

* * *

त्यावर तोड मी काढली. हे मुद्दाम सांगते, कारण गावात आजही अप्पांचंच नाव घेतात. म्हाळसा वेगळी करायची आणि मेणानं घोड्यावर चिकटवायची. घरी नेऊन मेणाला ऊब दिली की म्हाळसा सुटते, महाराज मोकळे!

सगळं सुरळीत चाललं होतं. पण आमची माणसं! सुटलेल्या म्हाळसेचं करायचं काय? देवी उकिरड्यावर टाकायची कशी? म्हणून ज्यानं त्यानं ती परत आणून द्यायला सुरुवात केली. सोनारीची एक म्हातारी तर बैलगाडीनं आली, म्हाळसेला खणात गुंडाळून. मी कपाळावर हात मारला. "आजी, हिरीत सोडायची व्हती की!"

"देवीला हिरीत? तूच सोड बाई."

मलाही सोडवली नाही. दाराजवळच्या टोपलीत म्हाळसांची रास लागली, आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशी अमीन दारात उभा राहिला.

"इतनी बीवियाँ यहाँ क्या कर रही हैं?"

"माहेरी आल्यात, साहेब," अप्पा म्हणाले. "उद्या पंचमी हाय."

बाबूमियाँ भिंतीकडे तोंड करून खोकायला लागला. अमीन हसला नाही.

* * *

त्यानं आत जाऊन साचा उचलला आणि अंगणातल्या दगडावर आपटला. अप्पांच्या आज्याचा साचा! अप्पा खाली बसून खापरं गोळा करायला लागले.

फळीवर एकच महाराज उरले होते. सगळे रंग झाले होते, फक्त डोळे बाकी. आता साचा नाही, म्हणजे पुन्हा महाराज नाहीत, खंडोबाही नाही. होते ते एवढेच.

"इसकू भी फोड़ो," अमीन बाबूमियाँला म्हणाला.

बाबूमियाँनं चित्राच्या तोंडाकडे बघितलं. डोळे नव्हते. बिनडोळ्यांची माती म्हणजे नुसती माती, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक. त्यानं काठी उचलली.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. मी काजळीची वाटी ओढली, कुंचला घेतला आणि चित्रासमोर बसले. दारात अर्धा गाव जमला होता.

"सूनबाई," अप्पा कसंबसं म्हणाले, "दार लाव."

"उघडंच राहू द्या! बघू द्या सगळ्यांना, डोळे कोण काढतंय ते!"

उजवा काढला. डावा काढला. हात जरासुद्धा हलला नाही. मग उठून बाजूला झाले.

"बाबूभाई, आता फोडा."

"मारो!" अमीन ओरडला.

बाबूमियाँ चित्राकडे बघत राहिला. मग त्यानं काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"साब, मारूँ कैसा? इने मेरेकू देख लिया."