हिरव्या पेशींची खोली

परदेशात शिकून दिल्लीला परतताना वाटलं होतं, आपण रोज विज्ञानावर वाद घालू, देशासाठी काहीतरी मोठं करू. पहिल्या दिवशी लॅबमध्ये वाद चालला होता तो एसी किती डिग्रीवर ठेवायचा यावर. असे किस्से आमच्याकडे न धुतलेल्या काचेच्या भांड्यांसारखे साचतात. कोणीतरी बसून आवरायला हवेत.

आमचं काम थोडक्यात असं. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर रिसेप्टर असतात. हार्मोनचा निरोप बाहेर घ्यायचा आणि आत पोचवायचा, हे त्यांचं काम. ते दिसत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना जेलीफिशकडून उसनं आणलेलं हिरवं चमकणारं प्रोटीन जोडतो आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसतो. आम्ही म्हणजे मी, मयूर विहारचे कुलकर्णी सर आणि गाझियाबादची शबाना शेख. तिघंही मराठी, त्यामुळे भांडणं मराठीत आणि माफी हिंदीत.

माझी फेलोशिप वर्षाची होती. वार्षिक आढाव्यात काम पटलं तर पुढे, नाहीतर सामान बांधायचं. मला जायचं नव्हतं.

*

मायक्रोस्कोपची खोली अंधारी आणि थंडगार. त्यामुळे जूनमध्ये अख्ख्या मजल्याला अचानक प्रयोग सुचतात. एकदा सरांनी वैतागून जाहीर केलं की इथे फक्त कामाचं बोलायचं, आणि मीटिंगही तिथेच घेतली. सगळे शिस्तीत बोलले. शेवटी सरांचं मत विचारलं, तर उत्तर येईना.

सर झोपले होते.

*

हिरव्या प्रोटीनचा एक दोष आहे. सतत प्रकाश टाकला की ते विझतं. म्हणजे बघून बघून संपतं!

एकदा एक मोठे अधिकारी लॅब बघायला आले. बरोबरची मंडळी आधी वाकून वाकून बघून गेली, साहेब शेवटी. तोवर आत मिट्ट काळोख. शबानाने मला चिमटा काढला. साहेब बराच वेळ डोळा लावून उभे राहिले. मग गंभीरपणे म्हणाले, "बहुत बढ़िया. बहुत ही ग्रीन है."

*

नवीन मुलं फोटोसाठी नेहमी सगळ्यात चमकदार पेशी निवडतात. शबाना त्यांना अडवते, "अरे यार, ती आजारी आहे." प्रोटीन गरजेपेक्षा जास्त झालं की पेशी झगझगते आणि मरायला टेकते.

सर हाच नियम इंटरव्ह्यूला लावतात. फार चमकणारा उमेदवार नको. मग मला कसं घेतलंत, असं मी एकदा विचारलं.

"लाइट गेली होती," सर म्हणाले. "तुझं प्रेझेंटेशन दिसलंच नाही."

*

आढाव्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. माझ्याकडे देखणा व्हिडिओ तयार होता. प्रत्येक पेशीला रेखीव हिरवी कड. फक्त एक तपासणी उरली होती. हार्मोन टाकला की पेशीच्या आत सिग्नल वाढायला हवा. ज्या पेशींच्या रिसेप्टरला हिरवं काही जोडलं नव्हतं, त्यांच्यात तो वाढला. माझ्या हिरव्या पेशींची ग्राफवरची रेघ सपाट. पुन्हा केलं. पुन्हा सपाट.

मी प्रोटीन रिसेप्टरच्या पेशीत आत लोंबणाऱ्या शेपटीला जोडलं होतं. रिसेप्टरकडून निरोप घेऊन पुढे नेणारा आतला निरोप्या नेमका तिथेच येऊन बसतो. त्याच्या जागेवर मी दिवा ठेवला होता.

शबाना म्हणाली, "व्हिडिओ दाखव ना. ग्राफ कोण मागतंय? फेलोशिप वाढली की दुरुस्त कर." तिला मी इथे हवी होते, एवढंच. प्रोटीन दुसऱ्या टोकाला जोडून सगळं नव्याने करायला कित्येक महिने लागणार, हे तिघांनाही माहीत होतं. मी शेजारी बसलेल्या सरांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत राहिले.

"टॉक तुझा आहे," ते म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रोत बसायला जागा मिळाली. लॅपटॉप उघडला. व्हिडिओ पहिल्याच स्लाइडवर घेतला, शेजारी ती सपाट रेघ लावली आणि वर टाइप केलं: 'हा रिसेप्टर चमकतो. काम करत नाही. पुढचं वर्ष मला याच्यासाठी हवं आहे.'